कुणाशीच न जुळलेलं रक्त

मंगल,

तुझ्या शोकसभेत सगळे ‘झुंज’ म्हणाले. प्राचार्य म्हणाले, संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, बारावीच्या एका मुलीने रडत रडत सांगितलं त्यातही तेच होतं: मंगल मॅडम शेवटच्या श्वासापर्यंत आजाराशी झुंजल्या. मी मराठीची शिक्षिका. असल्या वाक्यांखाली रेघ मारणं हे माझं काम, आणि तरी तुझ्यापुढे असली वाक्यं सगळ्यांत जास्त मीच बोलले असेन. तू दर वेळी हात वर करून मला थांबवायचीस. "नसीम, रक्तात कुणी सैनिक नसतात गं. शत्रू नसतो, गद्दार नसतो. पेशी असतात. त्या एकमेकींना ओळखतात, नाहीतर ओळखायला चुकतात." सभेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून उभी राहिले आणि काहीच न बोलता परत खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आला. हुंदका नव्हता. तुझ्या आजाराबद्दल बोलायला गेले आणि असा एकही शब्द सापडेना, ज्यावर तू हात वर केला नसतास.

आता घरी बसून शोधते आहे. वेळ लागेल, पण तू कुठे घाईत आहेस.

घोडेगावात आपल्या दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या, मधली भिंत एक, पुढचा ओटा एक. शनिवारी मी जुन्नरला माझ्या माहेरी जायचे, तू तळेघरच्या वर तुझ्या वाडीला जायचीस, आणि सोमवारी दोघी आपापल्या घरचं काहीबाही घेऊन परत. तुझ्याकडून नाचणीचं पीठ, हातसडीचा तांदूळ. माझ्याकडून अम्मीच्या हातचं लोणचं. आधी वाटलं होतं, विज्ञानवाली बाई, हिच्याशी काय बोलायचं. मग एके दिवशी तुझ्या वर्गाशेजारच्या वर्गात माझा तास होता आणि भिंतीपलीकडून तुझा आवाज ऐकू आला. अकरावीला तू रक्त शिकवत होतीस. पुस्तकात सोपं लिहिलेलं असतं, तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहतात, पांढऱ्या पेशी रोगांपासून रक्षण करतात. तू पोरांना म्हणालीस, "परीक्षेत असंच लिहा, मार्क मिळतील. पण ही कामाची वाटणी पुस्तकातली आहे. रक्तात सगळं एकाच नळीतून वाहतं."

त्या संध्याकाळी ओट्यावर गवार मोडता मोडता मी तुला त्याचा अर्थ विचारला. तू सांगत गेलीस. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक टाकून देते, आणि ऊर्जेची भट्टीही. जन्मभर ऑक्सिजन वाहते, पण त्यातला कणभरही स्वतः वापरत नाही. रक्तातली साखर मोडून त्यावर जगते. फिरता फिरता जंतूंचे तुकडे, रोगासोबत आलेला कचरा आपल्या पाठीला चिकटवून घेते आणि यकृतापाशी, प्लीहेपाशी नेऊन उतरवते. म्हातारी झाली की तिथेच तिला गिळणाऱ्या पेशी असतात, त्या तिला खातात, आणि तिच्यातलं लोह पुढच्या पेशींना मिळतं.

"अगंबाई," मी म्हणाले, "केवढा हा त्याग! पाठीवर सगळ्यांसाठी अन्न आणि स्वतः उपाशी."

तू गवारीची शेंग मला फेकून मारलीस. "त्याग कसला डोंबलाचा! भट्टीच नाही तिच्याकडे. जाळणार कशात?"

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, मी प्रत्येक गोष्टीला माणसाचे कपडे घालते. मी म्हणायचे, त्याशिवाय माणसाला ती दिसत नाही.

मग श्रावण आला. तू एका सोमवारी पहाटे वाडीहून उतरून तळेघरला गाडी धरलीस. भीमाशंकरहून परतणाऱ्या लोकांनी गाडी खचाखच भरलेली, तू दाराशी उभी. घोडेगावच्या स्टँडवर उतरलीस आणि चार पावलं टाकून पायरीवर बसलीस. मला वाटलं, गर्दीने घुसमटली असशील. बुधवारी वर्गात खडू हातात धरून तू फळ्याला टेकलीस. शेजारच्या वर्गातून मी धावत येऊन पाहिलं तर तुझ्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता.

तुझ्या आईला कळलं तशी ती खाली आली, एका हातात पितळी लोटा, त्यात काढा. "डोळं बघ कसं हळदीवानी झाल्यात. कावीळ हाय ती. आमच्या वाडीत सगळ्यांना ह्येच देत्यात."

तू लोटा तोंडाला लावलास आणि सगळा संपवलास. आई गेल्यावर मी चिडले. जीवशास्त्राची शिक्षिका तू, लोक काय म्हणतील? तू तोंड पुसत म्हणालीस, "ती डोंगर उतरून आली होती गं. आणि नुसता पाला होता, मी वास घेतला." मग अगदी शांतपणे म्हणालीस, "पण ही ती कावीळ नाही. लघवी कोऱ्या चहासारखी होते आहे. माझ्या पेशी फुटताहेत."

तुझं खरं निघालं. मंचरला तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन इतकं खाली होतं की तिथल्या डॉक्टरांनी तुला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. त्याच गाडीने पुण्याला.

पुण्याचा तो दिवस मला कधी विसरता येणार नाही. तुला रक्त हवं होतं. तुझा गट साधा, कुणाकडेही सापडणारा. पेढीतली एक पिशवी लावून पाहिली, जुळली नाही. दुसरी पाहिली, तीही नाही. मग आमचे नमुने घेतले, तुझ्या आईचा, तुझ्या भावाचा म्हणजे दत्तूचा आणि माझा, कारण तिघांचाही गट तुझाच होता. आम्ही तिघं बाकावर बसलो. आईने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. रक्तपेढीतले तंत्रज्ञ बाहेर आले आणि म्हणाले, "कुणाचंच जुळत नाहीये."

आईला आधी ते कळलंच नाही. दत्तूने समजावलं, तेव्हा ती माझ्याकडे वळली. "माझं बी न्हाई? प्वाटच्या पोरीला आईचं रगात चालंना, आसं कुटं आसतंय का?"

मी तुझ्याकडे आले. तू उशाला टेकून बसली होतीस, ओठ राखेच्या रंगाचे, एका वाक्यात तीनदा श्वास घेत होतीस, आणि तरी शिकवत होतीस. "आईला सांग, तिच्या रक्तात दोष नाही. माझ्या शरीराने एक प्रतिद्रव्य तयार केलंय, ते माझ्याच तांबड्या पेशींना चिकटतं. ते चिकटलं की प्लीहेतल्या खाणाऱ्या पेशी त्यांना म्हातारं समजून खातात. आणि ज्या गोष्टीला ते चिकटतं ना, ती गोष्ट सगळ्यांच्याच पेशींवर असते. आईच्या, तुझ्या, त्या बाहेरच्या वॉचमनच्या. म्हणून कुणाचंच जुळत नाही."

सगळ्या माणसांत जे सारखं आहे, नेमक्या त्यालाच. मी जुन्नरची नसीम, तू तळेघरच्या वरच्या वाडीची मंगल, आणि आपल्या रक्तातलं जे एक, त्यावरच हा घाला. माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडणारच होतं. तू सलाइन लावलेला हात वर केलास.

पण मंगल, ते वाक्य अजून माझ्या आत आहे. तुला पटणार नाही, म्हणून तिथेच राहू दे.

शेवटी सगळ्यांत कमी न जुळणारी पिशवी निवडून थेंब थेंब दिली. एक परिचारिका तुझ्या नाडीवर बोट ठेवून सबंध वेळ शेजारी उभी होती. तिच्या हाताला धरून तू जगलीस असं मी म्हणेन. तू म्हणशील, रक्त हळू दिलं म्हणून जगलीस.

मग स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी प्रतिद्रव्य दबलं, पेशी आधीपेक्षा जरा जास्त टिकायला लागल्या, तुझ्या ओठांवर रंग आला. आणि तुझा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. तुला सारखी भूक लागायची. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी उठल्याबरोबर खायचीस आणि म्हणायचीस, "मी नाही खात, गोळी खातेय." पायावर गळवं यायला लागली. एक बसलं की दुसरं.

तिथेच ती साखरेची भानगड झाली. डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी करायला सांगितली होती. ती अगदी उत्तम आली. मी पेढे आणायला निघाले, तर तू मला ओढून बसवलंस. बोटाला सुई टोचून साखर पाहिलीस. भलतीच वाढलेली. पुन्हा पाहिलीस, तेच.

तू हसायला लागलीस. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. "अगं, ही तपासणी तांबड्या पेशीला चिकटलेली साखर मोजते. पेशी तीन-चार महिने जगते असं धरून. माझ्या पेशी महिनाभरही जगत नाहीत, त्यांना साखर चिकटायला वेळ तरी कुठे मिळतोय? त्या मरताहेत म्हणून रिपोर्ट गोड आलाय."

डॉक्टरांना फोन केलास तेव्हा ते म्हणाले, हो, तुमच्या बाबतीत त्या आकड्यावर विसंबायचं नाही, रोज बोटाचीच साखर पाहा. मग तू मला ओट्यावर बसवून पूर्ण साखळी सांगितलीस. रक्ताचा आजार, म्हणून गोळी. गोळीमुळे प्रतिकार मंद आणि साखर जास्त. साखर जास्त, म्हणून पांढऱ्या पेशी आणखी मंद, म्हणून गळवं. गळवातून जंतू रक्तात गेले तर पुन्हा तांबड्या पेशींवर संकट. "बघ," तू म्हणालीस, "पोरांना सांगत होते ना, सगळं एकाच नळीतून वाहतं." तुझ्या आवाजात भीती नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा कुतूहल किंचित जास्त होतं, आणि मला त्याचाच राग यायचा. स्वतःच्या मरणाकडे कुणी असं वाकून वाकून बघतं का?

गोळी कमी केली की पेशी फुटायच्या. एक इंजेक्शन झालं, त्याने काही महिने बरे गेले, मग पुन्हा डोळे पिवळे. तेव्हा डॉक्टरांनी डाव्या बरगडीखालची प्लीहा काढायचा विचार मांडला. ज्या ठिकाणी तुझ्या पेशी खाल्ल्या जात होत्या ते ठिकाणच काढून टाकायचं. तुझी आई प्लीहेला पानथरी म्हणायची.

मी विरोध केला. तो मी आजही नाकारत नाही. मी वाचलं होतं, विचारलं होतं. काही जंतू असे असतात की प्लीहा नसलेल्या माणसाच्या रक्तात ते काही तासांत माजतात. लसी घेतल्या तरी धोका पूर्ण जात नाही.

"जन्मभर प्रत्येक तापाला भ्यायचं, मंगल."

"आत्ता प्रत्येक जिन्याला भितेय ना."

"गोळ्या आहेत की."

"गोळ्यांवर मी साखर, गळवं आणि हा भोपळ्यासारखा चेहरा घेऊन किती वर्षं काढू? मला वाडीपर्यंत चालत जायचंय, नसीम. स्वतःच्या पायांनी. दत्तूच्या पाठुंगळी नाही."

"आणि मेलीस तर?"

"तर चालत जाऊन मेले असं सांग लोकांना."

त्यानंतर आपण बोलणंच टाकलं. एका ओट्यावर दोन चुली, दोघींच्या पाठी एकमेकींकडे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू मिठाचा डबा मागायला आलीस. मीठ तुझ्याकडे होतं, मला दिसत होतं. मी डबा दिला. ऑपरेशनच्या सहीला दत्तूच्या शेजारी मी होते.

आणि मग ते एक वर्ष. मंगल, त्या वर्षाबद्दल सभेत कुणी बोललं नाही, कारण त्यात कसली झुंज नव्हती. तुझे डोळे पांढरेशुभ्र राहिले. गोळ्या हळूहळू बंद झाल्या, साखर उतरली, चेहऱ्याची हाडं पुन्हा दिसायला लागली. माघात तू मला वाडीला नेलंस. तळेघरला उतरून आपण चालायला लागलो. चढावर मी दोनदा थांबले, तू एकदाही नाही. वर पोचून तू वळलीस, छातीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बघ. धाप नाही."

तुझ्या आईने चुलीपुढे बसवून आपल्याला नाचणीची गरम भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "खा गं बाय, लाजू नगं. तुझं रगात बी माझ्याच रगताबरूबर नापास झालंय, आता तू घरचीच." आपण तिघी इतक्या हसलो की दत्तू बाहेरून बघायला आला.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की तुझं बरोबर होतं. धापेबद्दल, चढाबद्दल, सगळ्याबद्दल. मी आणखी एक भाकरी मागून घेतली. वाटलं, म्हणू कधीतरी, घाई काय आहे.

कार्तिकात भात झोडायला तू घरी गेलीस. शनिवारी सकाळी दत्तूचा फोन आला. "बाई, ताईला ताप भरलाय. थंडी वाजतीय लई. तिनं तिची ती गोळी घेतलीय आन म्हनतीय, गाडी काढ."

डॉक्टरांनी सांगितलेली प्रतिजैविकाची गोळी तुझ्या पिशवीत कायम असायची. ताप आला की थांबायचं नाही, गोळी घ्यायची आणि निघायचं. तू थांबली नाहीस. खळ्यावर थंडी वाजल्याबरोबर गोळी घेतलीस. शेजाऱ्याची पिकअप वाडीपर्यंत चढत नाही म्हणून दत्तू तुला पाठीवर घेऊन खाली आला. तुला नको होतं तेच. मी त्या दिवशी जुन्नरला गेले नव्हते. घोडेगावच्या चौकात उभी होते, तिथे गाडीत चढले.

तू मागच्या सीटवर आईच्या मांडीवर होतीस. अंगाला हात लावला तर तवा. पण शुद्धीत होतीस. मला जवळ बोलावलंस. "नसीम, नीट ऐक. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगायचं, हिची प्लीहा काढलेली आहे. नाव नंतर, वय नंतर. आधी हे."

"सांगते."

"म्हणून दाखव."

"हिची प्लीहा काढलेली आहे."

"शाबास," तू म्हणालीस. वर्गातल्या पोरांना म्हणायचीस तसं.

मंचरला मी दारातूनच ते वाक्य ओरडले. तिथल्या डॉक्टरबाई खुर्चीवरून उठून धावत आल्या. काही विचारायच्या आत त्यांनी शिरेतून औषध सुरू केलं. रुग्णवाहिकेत मी तेच म्हणाले, पुण्यातही तेच. कुणी वेळ घालवला नाही, कुणी कागद मागत बसलं नाही. मला आजवर दोष द्यायला एक माणूस सापडलेला नाही, मंगल, आणि सापडला असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं.

दुपारी तुझ्या पायांवर जांभळे डाग उमटले. आधी टाचणीच्या डोक्याएवढे, मग एकमेकांत मिसळत गेले, जमिनीवर सांडलेल्या जांभळांसारखे. बोटांची टोकं काळी पडली. रक्तदाब वर येईना. तू ग्लानीत होतीस. संध्याकाळी मला आत सोडलं तेव्हा मी तुझा हात धरला. तो गार होता आणि कपाळ तापलेलं. तू डोळे अर्धे उघडून काहीतरी म्हणायला गेलीस. मी कान ओठांशी नेला, पण नळी घशात होती, आवाज फुटला नाही. तुला काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. मला कुणी विचारलं तर मी काहीतरी चांगलं बनवून सांगू शकते, तेवढी भाषा माझ्याकडे आहे. मी सांगणार नाही.

रविवारी दुपारी तू गेलीस.

तुला वाडीलाच नेलं. खळ्यावर अर्धी झोडणी तशीच पडली होती, पेंढ्या उभ्या. दत्तू त्या पेंढ्यांकडे बघून मोठ्याने रडला. "म्याच बोलावली तिला. म्हनलं, ये की ताई, दोन दीस. शेहरात ऱ्हायली आसती तर जगली आसती." तुमच्या चुलत्यांनी सांगितलं, ऑपरेशनच करायला नको होतं. कॉलेजातले लोक येतात आणि माझ्याजवळ हळूच म्हणतात, "मॅडम, तुमचं ऐकलं असतं तर." ते मला मोठेपणा देतात. हा मोठेपणा माझ्या घशाखाली उतरत नाही. मी भीती सांगितली होती, भविष्य नाही. तू ज्या वर्षासाठी पैज लावलीस ते वर्ष तुला मिळालं, आणि पैज हरलीसही तूच. दोन्ही खरं आहे. यातलं एक दुसऱ्याला खोडून काढत नाही, कितीही वेळा घोकलं तरी.

तुझी आई गेल्या पंधरवड्यात खोली रिकामी करायला आली. दोन पातेली, गादी, तुझ्या साड्या. सामान दत्तूच्या हवाली करून ती माझ्याकडे आली आणि पाटावर बसली.

"बाय, तू शिकल्याली हायस. खरं खरं सांग. तवा म्या तिला पाला पाजला, त्येच्यानं ह्ये समदं झालं का?"

मी म्हणाले, "नाही आई."

"मग माझ्या रगतात कायी व्हतं? ते तिच्यात गेलं?"

मला ‘नाही’ म्हणून, कुशीत घेऊन मोकळं होता आलं असतं. मग वाटलं, तू असतीस तर असं सोडलं नसतंस. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सांगत गेले. रक्तात तांबडे कण असतात. म्हातारे झाले की पानथरी त्यांना काढून टाकते, आणि तापाचे जंतूही तीच गाळते. मंगलच्या पानथरीला तरणे कणही म्हातारे वाटायला लागले. का, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. म्हणून पानथरी काढली. तांबडे कण वाचले. पण मग एक जंतू आला, त्याला गाळायला कुणी नव्हतं. तुमच्या रक्ताचा यात काही संबंध नाही, पाल्याचा नाही, खळ्याचा नाही.

एकही मोठा शब्द मी वापरला नाही. ‘झुंज’ नाही, ‘शत्रू’ नाही.

आईने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि म्हणाली, "म्हंजी कुनाचीच चूक न्हाई."

"कुणाचीच नाही."

"मंग मी कुनावं रडू?"

मी चहा टाकायला उठले. ती चहा न पिताच गेली.

परवा मला ताप आला. कॉलेजातून येताना घसा धरला होता, संध्याकाळी अंग मोडून आलं आणि थंडी भरली. शेजारी आता नवे भाडेकरू आहेत, त्यांच्याकडे टीव्ही चालू होता. मी तापाची एक गोळी घेतली, दोन गोधड्या ओढल्या आणि पडून राहिले. कुणाला फोन केला नाही. गाडी काढा म्हटलं नाही. तळमळत कधीतरी झोप लागली.

सकाळी घामाने कपडे चिंब भिजले होते आणि कपाळ गार. डाव्या बरगडीखाली हात ठेवला. तिथे काही जाणवत नाही, तिथलं काम माणसाला कळत नाही. मी झोपले असताना, मला न विचारता, ते झालं होतं. मी काहीही केलं नव्हतं. तुझ्याइतकं सावध नव्हते, तुझ्याइतकी हुशार नाही, कुठली गोळी पिशवीत बाळगली नव्हती की कुठलं वाक्य पाठ केलं नव्हतं.

मग भूक लागली. शिळी भाकरी चहात कुस्करून उभ्यानेच खाल्ली, आणि खाता खाता रडू आलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा. साधा ताप होता, मंगल. आला आणि गेला.